कमी खर्चात व्हेनिस : कोकणातून निघणाऱ्यांसाठी

व्हेनिस परवडत नाही, असं सांगणारे बहुतेक जण तिथे भर उन्हाळ्यात, शनिवार-रविवार धरून, बेटावरच्या हॉटेलात राहिलेले असतात. शहर महाग आहे हे खरंच. पण पैसा राजवाड्याच्या तिकिटात जात नाही. तो जातो चुकीचा आठवडा निवडण्यात, चुकीच्या जागी खोली घेण्यात आणि ऐनवेळी काढलेल्या बोटीच्या तिकिटांत. एवढं आधी पक्कं केलं, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मध्यम उत्पन्नाच्या जोडप्याच्याही बेतात ही सहल बसते.

विमान, व्हिसा आणि विमा यांचा खर्च तीन रात्रींना जेवढा, जवळपास तेवढाच सहा रात्रींना. युरोपातली माणसं दोन रात्रींसाठी व्हेनिसला येतात, त्यांची नक्कल आपण करू नये. किमान पाच रात्री ठेवा, सहा उत्तम, आणि त्यातला एक दिवस जवळच्या पादुआ शहराला द्या. हिशेबासाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरा आणि निघायच्या आठवड्यात खरा दर बघून आकडे सुधारा.

कधी जायचं

कोकणातल्या माणसाची मोकळीक आणि व्हेनिसची स्वस्ताई साधारण एकाच वेळी येतात : भातकापणी आणि दिवाळी आटोपल्यावर. आंबा बागायतदाराला मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत परतायचं असतं, होमस्टेवाल्याला नाताळची गर्दी यायच्या आत. म्हणून नोव्हेंबर. खोल्यांचे दर उतरलेले असतात, रांगा आखूड असतात, डास नसतात. त्याच्या बदल्यात थंडी, धुकं आणि पाणी पत्करायचं. दिवसही लहान असतो, पावणेपाचपर्यंत सूर्य मावळतो. तेव्हा बघायचं ते सकाळी आठपासून बघायला लागा, संध्याकाळ गल्ल्यांत फिरायला ठेवा. २१ नोव्हेंबर तारखांत बसत असेल तर जरूर बसवा. सालूते चर्चच्या उत्सवासाठी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल बांधतात आणि सगळं शहर त्यावरून चालत चर्चला जातं. त्याला तिकीट नाही.

ट्रॉलरवाल्यांची सुट्टी म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचा काळ. व्हेनिससाठी नेमका तोच काळ वाईट. दर चढलेले, उकाडा, आणि वर प्रवेश शुल्क. एप्रिल २०२४ पासून शहराने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर हे शुल्क लावलं आहे. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत ते लागतं. आधी नोंदणी केली तर ५ युरो, अगदी तोंडावर केली तर १०. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम असणाऱ्यांना ते माफ आहे, आणि बेटासमोर जमिनीवर असलेलं मेस्त्रे त्या हद्दीत येतं. मात्र माफीचा क्यूआर कोड महापालिकेच्या संकेतस्थळावरून काढून जवळ ठेवावा लागतो. पादुआला राहून सकाळी व्हेनिसला येणाऱ्याला ही माफी नाही. स्वस्त म्हणून पादुआ निवडणारे इथेच फसतात. जून-जुलैशिवाय पर्याय नसेल, तर सोमवार ते गुरुवार व्हेनिस करा आणि बाकी दिवस दुसरीकडे काढा.

कार्निव्हल (फेब्रुवारीच्या आसपास), ईस्टर, नाताळ ते नवीन वर्ष : या तीन वेळा खिशाला चाट आहे. टाळा.

व्हिसा : आंब्याचा पैसा खात्यात दिसला पाहिजे

इटलीचा अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) लागतो. फी प्रौढाला ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलाला ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर यातलं काही परत मिळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, शंका आली तर ४५ पर्यंत. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर निघायचं असेल तर अर्ज सप्टेंबरमध्ये.

सप्टेंबरचं आणखी एक कारण आहे. अर्जासोबत गेल्या तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जातं. बागायतदाराच्या खात्यात पैसा येतो एप्रिल ते जून. सप्टेंबरात काढलेल्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये तो पूर्ण हंगाम दिसतो. तोच माणूस फेब्रुवारीत अर्ज करतो तेव्हा खातं फवारणी, खत आणि मजुरीने रिकामं झालेलं असतं आणि पैसे आहेत कुठे, असा प्रश्न निघतो. मग नातेवाइकाकडून दोन लाख आणून खात्यात टाकले जातात. अर्जाच्या आठवड्यात आलेली अशी ठोक रक्कम मदत करण्याऐवजी संशय वाढवते.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत. व्हिसासाठी ते भरावं आणि शेतीचं उत्पन्न त्यात करमुक्त म्हणून दाखवावं. जोडीला सातबारा, आठ-अ आणि दलालाकडच्या विक्रीच्या पट्ट्या द्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या. सातबाऱ्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल (वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं), तर त्याचं एक प्रतिज्ञापत्र. नोकरदाराला रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या पुरतात.

इटलीने पर्यटकाकडे किती पैसे हवेत याचा तक्ताच ठरवला आहे. सहा ते दहा दिवसांच्या मुक्कामाला एकट्या माणसासाठी दिवसाला ४४.९३ युरो, दोघे किंवा जास्त असतील तर माणशी २६.३३. हा किमान आकडा आहे. खात्यात याच्या किमान तिप्पट शिल्लक ठेवा, कारण परतल्यावरही तुमचं घर चालणार आहे हे अधिकाऱ्याला दिसायला हवं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि प्रवासाच्या प्रत्येक दिवशी लागू असलेला. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोऱ्या पानांचा. हॉटेल मोफत रद्द करता येईल असं आरक्षित करा. विमानाचं परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

बोटांचे ठसे द्यायला बारा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला स्वतः मुंबईच्या केंद्रावर जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. काजू सोलून चिकाने बोटांची साल गेली असेल तर ती आधी भरून येऊ द्या, ठसे उमटत नाहीत आणि फेरी वाया जाते. भेटीची वेळ गौरी-गणपती झाल्यावरची घ्या. त्या दिवसांत मुंबईकडची गाडी मिळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

कोकण ते मेस्त्रे

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतर मुंबईकडे परतणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून पहिल्याच दिवशी काढा. विमानाच्या दिवशी सकाळची गाडी पकडून संध्याकाळचं विमान गाठायचा बेत करू नका. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी थांबते आणि दोन तास कधी गेले कळत नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठा. विमान कुठल्या विमानतळावरून आहे तेही तिकिटावर नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिथून असेल तर पनवेलला उतरणं सोयीचं, सहारहून असेल तर ठाणे किंवा दादर.

विमान शोधताना व्हेनिस मार्को पोलो आणि मिलान हे दोन्ही बघा. आखाती विमानतळावर किंवा इस्तंबूलला विमान बदलून व्हेनिसलाच उतरता येतं. मिलानचं तिकीट बऱ्याचदा स्वस्त दिसतं, पण माल्पेन्सा विमानतळावरून शहरात यायची गाडी आणि पुढे मेस्त्रेपर्यंतची सव्वादोन-अडीच तासांची जलद गाडी धरली तर एका वेळचे चार-पाच हजार रुपये त्यात जातात. येता-जाता दोन्हीकडे मिलानच असेल तर माणशी दहा हजारांहून जास्त फरक असेल तेव्हाच त्या वाटेला जा. सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढून वाचवलेले पैसे पहिलं विमान उशिरा आलं की दुप्पट होऊन जातात.

मार्को पोलो विमानतळावरून मेस्त्रे स्टेशनला बस सुमारे १० युरो, वीसेक मिनिटं. पाण्यावरची टॅक्सी शंभर युरोंच्या वर जाते. तिच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. कार्ड यंत्राला लावल्यावर ‘रुपयांत भरणार की युरोंत’ असं विचारतात, उत्तर नेहमी युरो. रुपयांत आकडा ओळखीचा वाटतो, पण दर त्यांचा लागतो. आणि रोख काढायची ती बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून. पर्यटकांच्या रस्त्यावर सुटी उभी केलेली खासगी यंत्रं टाळा.

मुक्काम

मेस्त्रे हा व्हेनिसचा जमिनीवरचा भाग. दिसायला साधं, इमारती आणि रस्त्यांचं. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीतली खोली घ्या, त्याहून लांब नको. तिथून सांता लुचिया स्टेशन म्हणजे व्हेनिस बेट दहा-बारा मिनिटांवर, तिकीट दीड युरोच्या आसपास, दिवसा काही मिनिटांनी गाडी. शिवाय टी-१ ट्राम आणि दोन नंबरची बस पियाझ्झाले रोमाला, म्हणजे बेटाच्या तोंडावरच्या बसतळावर, जाते. रात्रीची शेवटची गाडी कितीची, ते पहिल्याच दिवशी फोनमध्ये लिहून ठेवा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड तेवढाच.

बेटावर राहणं नेहमीच वेडेपणा असतं असं नाही. नोव्हेंबरच्या सोमवार ते गुरुवार कान्नारेजो किंवा कास्तेल्लो या बेटावरच्या विभागांमधल्या खोल्या बऱ्याच उतरतात. आमचा ठोकताळा असा : मेस्त्रेच्या आणि बेटावरच्या दोघांच्या खोलीत रात्रीला २५ युरोंपेक्षा कमी फरक असेल, तर बेट घ्या. येण्याजाण्याचं भाडं, वेळ आणि दुपारी पाय टेकायची सोय यात तो फरक वसूल होतो. सकाळी सातला सान मार्कोचा, म्हणजे शहराचा मुख्य, चौक रिकामा मिळतो, तो वेगळाच.

बेटावरची खोली घेताना तीन गोष्टी तपासा. एक, जाहिरातीत सीआयएन हा नोंदणी क्रमांक आहे का. २०२५ पासून इटलीत भाड्याच्या प्रत्येक पर्यटक घराला तो बंधनकारक आहे. दोन, वाटेत पूल किती. जवळजवळ प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत आणि बॅगेची चाकं तिथे कामाची नाहीत. तीन, पत्ता. व्हेनिसचे सहा विभाग आहेत आणि घरांना क्रमांक रस्त्याप्रमाणे नाही, तर पूर्ण विभागाला एकसलग दिलेले आहेत. ‘सान पोलो २३४५’ एवढ्यावर नकाशा तुम्हाला भलत्याच गल्लीत नेतो. मालकाकडून गल्लीचं नाव, जवळचं बोटीचं थांबं आणि वाटेचा फोटो आधी मागून घ्या. पर्यटक कर दर माणशी दर रात्री वेगळा, बहुतेकदा तिथेच भरायचा असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

भरती

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, व्हेनिसच्या खाजणात जेमतेम एक मीटर. तिथे नुसत्या चंद्राने पूर येत नाही. दक्षिणेचा सिरोक्को वारा एड्रिआटिकचं पाणी वरच्या अरुंद टोकाकडे ढकलतो, हवेचा दाब उतरलेला असतो, आणि त्यातच भरतीची वेळ सापडली की पाणी चौकात येतं. ऑक्टोबर ते जानेवारी हा त्याचा हंगाम. ४ नोव्हेंबर १९६६ ला ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ पर्यंत.

हे आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही, पण ते वाचायचे कसे ते कळलं पाहिजे. १०० सेंटिमीटर म्हणजे रस्त्यावर कमरेएवढं पाणी नव्हे. मोजणी १८९७ सालच्या सरासरी समुद्रपातळीपासून होते. सान मार्कोचा चौक शहरातला सखल भाग, तिथे ८०च्या पुढे पाणी दिसू लागतं. म्हणजे १०० चा अंदाज असेल तर चौकाच्या सखल जागी घोट्याएवढं पाणी, आणि बाकी बहुतेक शहर कोरडं. खाजणाच्या तिन्ही तोंडांवर ऑक्टोबर २०२० पासून चालू झालेली मोझे नावाची झडपं आता ११० किंवा जास्त अंदाज असला की वर उचलतात. त्यामुळे मोठा पूर आता सहसा आत येत नाही. राहिला तो ८० ते ११० मधला टप्पा, तो तुम्ही सांभाळायचा.

तो सांभाळायचा असा. महापालिकेचं भरती केंद्र पुढच्या दोन-तीन दिवसांचा तासवार अंदाज देतं, त्याचं अ‍ॅपही आहे. अंदाज रोज सकाळी बघा आणि सान मार्कोचं काम ओहोटीच्या तासांत बसवा. पाणी आलं तरी तीन-चार तासांत उतरतं, तोवर रियाल्टो पुलाच्या पलीकडचे भाग हिंडा. मुख्य वाटांवर लाकडी फळ्यांचे उंच पदपथ टाकतात. रस्त्यावर दहा-एक युरोंना प्लॅस्टिकचे गुडघाबूट मिळतात, तेवढ्यापुरते पुरेत. घरून गमबूट वाहून नेऊ नका. पाण्यातून चालताना कालव्याच्या काठाने चालायचं नाही, काठ कुठे संपतो ते दिसत नाही. पाणी चढलं की सखल पुलांखालून जाणाऱ्या बोटींचे मार्ग बदलतात, ती सूचना थांब्यावर लागते.

तारखांना वाव असेल तर पंचांग काढा. अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस निवडले तर चौकात पाणी यायची शक्यता बरीच कमी होते. वारा मात्र कोणाच्या हातात नाही.

बोटी

पाण्यावरची सार्वजनिक बस म्हणजे व्हापोरेत्तो. एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटांचं. पास २४ तासांचा २५, ४८ चा ३५, ७२ चा ४५ युरो. बहुतेक माणसं घाबरून ७२ चा पास घेतात आणि त्यातले दोन दिवस चालत काढतात. स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत चालत पाऊण तास, तोही बघण्यासारखा. शहर पायाने फिरायचं आहे.

पास घ्यायचा तर एकच, २४ तासांचा, पण दोन दिवसांवर पसरवून. तो पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून २४ तास चालतो, मध्यरात्री संपत नाही. दुपारी दोनला पियाझ्झाले रोमाला सुरू करा. एक नंबरच्या बोटीने मोठा कालवा सगळ्या थांब्यांनिशी उतरा, पुढची किंवा मागची उघडी जागा मिळेपर्यंत एखादी बोट सोडली तरी चालेल. मग सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा आणि अंधार पडल्यावर त्याच कालव्यातून उलट परता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंदामेन्ते नोव्हे थांब्यावरून १२ नंबरच्या बोटीने आधी बुरानो बेट, साधारण पाऊण तास, मग परतताना मुरानो बेट. दोनच्या आत शेवटची बोट पकडली की पास वसूल. मेस्त्रेची बस आणि ट्रामही याच पासात येते, विमानतळाची मात्र नाही. प्रत्येक वेळी चढताना पास यंत्राला लावायचा, हिरवा दिवा बघायचा. सोबत ६ ते २९ वयाची मुलं असतील तर ६ युरोंचं रोलिंग व्हेनिस कार्ड बघा, त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोंना पडतो.

गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. दर नावेचा आहे, माणशी नाही, पाच जण बसतात. हौस असेल तर पाच जण जमवा. नसेल तर त्राघेत्तो : मोठ्या कालव्यावर पूल चारच आहेत, म्हणून मधल्या जागी गोंडोलासारखीच नाव या काठावरून त्या काठावर चालते. पाहुण्यांना २ युरो. सांता सोफियाहून रियाल्टोच्या मासळीबाजारासमोर उतरवणारी नाव त्यातली भरवशाची. दुपारनंतर आणि रविवारी यातल्या काही नावा बंद असतात.

काय बघायचं, कशाला पैसे द्यायचे

दोजेंचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखांचा, राजवाडा चुकवू नका. तिकीट ३० दिवस आधी महापालिका संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलं तर माणशी ५ युरोंच्या आसपास वाचतात. त्याच तिकिटात चौकापलीकडचं कोर्रेर संग्रहालय येतं, पण थकलेली माणसं तिथे जातच नाहीत. ते वेगळ्या दिवशी बघा. कोर्रेरमध्ये व्हेनिसची नाणी आहेत. १२८४ पासून पाडलेला त्यांचा सोन्याचा दुकात व्यापारातून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचला होता. संताच्या पुढे गुडघे टेकलेला दोजे त्यावर आहे, आणि आपल्या पुतळ्यांच्या माळेशी ज्याचं नातं सांगतात ते नाणं हेच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. अकादेमिया चित्रसंग्रह त्यात येतो, दोजेंचा राजवाडा येत नाही, तो महापालिकेचा. सान मार्को बॅसिलिकाला खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मोठी पिशवी चालत नाही, आणि आतल्या सुवर्णवेदीला आणि संग्रहालयाला वेगळे पैसे पडतात.

फुकटात मिळणारंही कमी नाही. सान झाक्कारिया चर्चमध्ये बेल्लिनीचं १५०५ चं वेदीचित्र. १६३०-३१ च्या प्लेगनंतर बांधलेलं सालूते. सान जोर्जो माज्जोरेमध्ये तिंतोरेत्तोची चित्रं, आणि तिथल्या मनोऱ्यावर लिफ्टने थोड्या पैशांत सान मार्कोच्या मनोऱ्याहून जास्त चांगला देखावा, कारण इथून सान मार्कोच समोर दिसतो. थोडे युरो मोजायचे असतील तर फ्रारी चर्च : तित्सियानोचं १५१८ चं ‘असुंता’ ज्या वेदीसाठी काढलं तिच्यावरच आहे. १५१६ साली ज्यूंना जिथे कोंडलं तो घेत्तो कान्नारेजोमध्ये आहे, तिथे संध्याकाळी जा.

पादुआ मेस्त्रेहून साध्या रिजनल गाडीने अर्ध्या तासाच्या आत, चार-पाच युरोंत. स्क्रोवेन्यी चॅपेलमधली जोत्तोची भित्तिचित्रं बघायला वेळ आधी आरक्षित करावीच लागते. आत १५ मिनिटं मिळतात, आणि त्याआधी हवा स्थिर व्हावी म्हणून बाहेरच्या काचेच्या खोलीत बसवतात. उशीर झाला तर वेळ गेली, पैसेही गेले.

खाणं

बसलं की खर्च सुरू. तेच कॉफीचं पेलं काउंटरपाशी उभ्याने दीडेक युरो, टेबलाशी दुप्पट, सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद चालू असेल तर त्याचेही पैसे बिलात. उपाहारगृहात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे, मेन्यूवर लिहिलेलं असतं. त्यावर टिप द्यायची गरज नाही.

दुपारचं जेवण बाकारोत करा. उभ्याने खायच्या छोट्या दुकानांत चिकेत्ती मिळतात, पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवलेलं, एकेक दीड ते तीन युरोंना. चार-पाच घेतले की पोट भरतं. मासे खाणाऱ्याने ‘सार्दे इन साओर’ घ्यावं : तळलेली तारली, कांदा, व्हिनेगर, मनुका. ‘बाक्काला मान्तेकातो’ म्हणजे सुक्या कॉड माशाचं फेटून केलेलं मऊ वाटण. सुक्या मासळीची सवय असलेल्याला ते लगेच आवडतं. माकुलाच्या शाईतला काळा रस्साही चाखून बघा.

मेन्यूवर माशाची किंमत वाचताना डोळे उघडे ठेवा. ‘एत्तो’ लिहिलं असेल तर ती किंमत १०० ग्रॅमची आहे. आठ युरो वाचून मागवलेला अख्खा मासा ८०० ग्रॅमचा निघाला की बिल ६४ चं येतं. मागवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा, ते हक्काने सांगायचं. नावापुढे तारका असेल तर माल गोठवलेला आहे. रियाल्टोचा मासळीबाजार मंगळवार ते शनिवार सकाळी भरतो, रविवार-सोमवार बंद. सोमवारी ‘ताजा’ मासा खायला जाऊ नका.

शाकाहारी माणसाने पिझ्झा मारिनारा लक्षात ठेवावा. त्यात चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण आणि तुळशीच्या कुळातलं ओरेगानो. स्वस्तही तोच. भाज्यांच्या सूपमध्ये आणि रिसोत्तोमध्ये मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको मासे नको, हे चार शब्द पाठ करा. दुपारी अडीच ते सात बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. त्या वेळेसाठी सुपरमार्केटचा पाव आणि फळं पिशवीत ठेवा. पण सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका, दंड आहे. पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, बाटली भरून घ्या.

घरून काय न्यायचं हा प्रश्न कोकणात निघतोच. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. ताजी फळं आणि पानं नेण्यासाठी रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. हापूसची पेटी किंवा कढीपत्ता तिथे काढून घेतील. नारळाला मात्र सूट आहे. आंबापोळी, फणसपोळी, भाजलेले काजू चालतात. आगळाची बाटली मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. ऊबदार कपड्यांत जाड एक कोट नेण्यापेक्षा पातळ तीन थर न्या. तिथली थंडी ओली असते, आणि सुती कपडा एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही.

काच घ्यायची असेल तर मुरानोत घ्या, पण ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ ही खूण बघून. दोन युरोंचे मणी तिथले नसतात. एका दुकानातली एका दिवसाची खरेदी ७० युरोंहून जास्त झाली तर कर परतीचा अर्ज तिथेच भरून घ्या, पासपोर्ट लागतो. त्याची नोंद विमानतळावर बॅग आत देण्याआधी करायची असते, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो. म्हणून त्या दिवशी मेस्त्रेहून नेहमीपेक्षा तासभर आधीची बस धरा.